ज्याला स्वतःचं मुख्यमंत्रिपदच संपवायचं होतं : गोव्याच्या भाऊसाहेब बांदोडकरांची गोष्ट

मुख्यमंत्री होण्यासाठी लोक काय काय करतात ते आता आपल्याला पाठ झालंय. पक्ष फुटतात, आमदार रिसॉर्टवर जातात, पहाटे शपथविधी होतात. पण साठच्या दशकात गोव्यात एक असे मुख्यमंत्री होऊन गेले, ज्यांच्या पक्षाचा सगळ्यात मोठा अजेंडाच त्यांची खुर्ची कायमची बंद करण्याचा होता. म्हणजे पक्षाने दिलेला शब्द खरा झाला असता तर गोव्याची विधानसभा गेली असती, मंत्रिमंडळ गेलं असतं आणि मुख्यमंत्रिपदही गेलं असतं. गोवा महाराष्ट्रातला एक जिल्हा झाला असता.

या मागणीवर जनतेचा कौल घेतला गेला. मुख्यमंत्र्यांची बाजू ३४ हजार २१ मतांनी हरली. आणि त्यानंतर जेमतेम अडीच महिन्यांत गोव्याच्या जनतेने त्याच माणसाला परत मुख्यमंत्री केलं.

हे गणित वरवर बघितलं तर सुटत नाही. त्यासाठी दयानंद बाळकृष्ण बांदोडकर, म्हणजेच गोव्याचे भाऊसाहेब, नक्की कोण होते ते बघावं लागतं.

भाऊसाहेबांचा जन्म १२ मार्च १९११ चा, पेडण्याचा. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. ते गोमंतक मराठा समाजाचे. हा समाज पिढ्यानपिढ्या देवळांच्या सेवेशी बांधलेला होता. या समाजातल्या बायकांनी हिंदुस्थानी संगीताला काय दिलं ते बघायचं असेल तर केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर ही दोन नावं पुरेत. पण गाणं ऐकायला येणारे लोक या समाजाला घरात बरोबरीने बसवत नव्हते. कलेला दाद आणि माणसाला हेटाळणी असा तो हिशोब. विसाव्या शतकात या समाजाने शिक्षणाची कास धरली, संघटना उभी केली आणि स्वतःसाठी नवं नाव घेतलं.

भाऊसाहेबांचं शिक्षण फारसं झालं नाही. छोट्यामोठ्या धंद्यातून त्यांनी सुरुवात केली आणि पुढे खाणीत उतरले. दुसऱ्या महायुद्धानंतर, विशेषतः पन्नाशीच्या दशकात, गोव्याच्या लोहखनिजाला जपानमधून मोठी मागणी आली. ज्यांच्याकडे खाणी होत्या त्यांचं नशीब फळफळलं. भाऊसाहेब त्यातले एक. फरक एवढाच की गोव्यातले बाकीचे बडे खाणमालक जुन्या प्रतिष्ठित घराण्यांतले होते आणि हा माणूस खालून वर आलेला होता.

पैसा आल्यावर त्यांनी तो वाटायलाही सुरुवात केली. शाळांना, देवळांना, अडल्यानडल्यांना. राजकारणात येण्याआधीच खेड्यापाड्यात त्यांचं नाव दाता म्हणून पोचलेलं होतं.

१९ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला. साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली आणि गोवा, दमण आणि दीव मिळून एक केंद्रशासित प्रदेश झाला. आणि लगेच प्रश्न आला, आता पुढे काय?

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दीड वर्षच झालं होतं. भाषेप्रमाणे राज्यं हे सूत्र ताजं होतं. गोव्यातल्या हिंदू घरांत बोलणं कोकणीत असलं तरी शाळा, कीर्तन, नाटक, वर्तमानपत्र, देवळातला कारभार हे सगळं मराठीत चालायचं. त्यामुळे गोवा महाराष्ट्रात जायला हवा असं मानणारा एक मोठा गट होता. दुसरीकडे ख्रिस्ती समाज आणि कोकणीला स्वतंत्र भाषा मानणारे हिंदू होते. त्यांचं म्हणणं असं की मोठ्या राज्यात गेलो तर आपण कोपऱ्यातला एक जिल्हा होऊन विरघळून जाऊ.

या भाषेच्या वादाखाली आणखी एक वाद होता, आणि भाऊसाहेबांचं राजकारण समजायचं तर तोच आधी समजून घ्यावा लागतो. तो होता जमिनीचा. गोव्यात जमीनमालकाला भाटकार म्हणतात आणि त्याच्या जमिनीत घर बांधून राहणाऱ्याला मुंडकार. मुंडकाराचं घर स्वतःचं, पण घराखालची जमीन भाटकाराची. मर्जी फिरली तर बाहेर. शेत कसणाऱ्या कुळाचीही तीच गत. भाटकार हिंदू असो की ख्रिस्ती, खालच्या माणसाला फार फरक पडत नव्हता. शेजारच्या महाराष्ट्रात मात्र कूळकायदा आलेला होता. त्यामुळे पेडणे, सत्तरी, डिचोली, फोंडा अशा भागातल्या कुळाला विलीनीकरण म्हणजे नकाशावरची रेघ पुसणं एवढंच वाटत नव्हतं. त्याला त्यात भाटकाराच्या तावडीतून सुटका दिसत होती.

१९६३ मध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष स्थापन झाला. सगळे त्याला मगो म्हणतात. चिन्ह सिंह, नेते भाऊसाहेब. विरोधात उभा राहिला युनायटेड गोवन्स पक्ष, नेते डॉ. जॅक सिक्वेरा. या दोघांच्या मध्ये होती काँग्रेस. देशभर तिचा दबदबा होता आणि गोवा मुक्त करणारं सरकारही तिचंच होतं, त्यामुळे जिंकण्याबद्दल तिला फारशी शंका नव्हती.

डिसेंबर १९६३ मध्ये पहिली निवडणूक झाली. एकूण ३० जागा, त्यातल्या २८ गोव्यातल्या. मगो आणि मित्रपक्ष मिळून १६. युनायटेड गोवन्स १२. आणि काँग्रेस? गोव्यात शून्य. एक जागा मिळाली तीही दमणमध्ये. दिल्लीत पंडित नेहरू पंतप्रधान असताना हे झालं. काँग्रेसने प्रतिष्ठित, जमीनजुमलेवाल्या मंडळींवर भिस्त ठेवली होती आणि कुळांनी, मुंडकारांनी सिंहावर शिक्का मारला होता.

भाऊसाहेबांनी स्वतः ही निवडणूक लढवलीच नव्हती. तरीही पक्षाने मुख्यमंत्रिपदासाठी दुसऱ्या कुणाचा विचार केला नाही. २० डिसेंबर १९६३ ला त्यांनी शपथ घेतली आणि नंतर मडकईतून पोटनिवडणूक जिंकून ते विधानसभेत आले. ज्या समाजाला देवळाच्या पायरीवर ठेवलं गेलं होतं, त्या समाजातला माणूस पणजीच्या आदिलशाही राजवाड्यात, जिथून एकेकाळी पोर्तुगीज गव्हर्नर कारभार बघायचे, तिथे गोव्याचा पहिला मुख्यमंत्री म्हणून बसला. गोव्यातल्या बहुजन घरांत आजही भाऊसाहेबांचा फोटो का दिसतो, त्याचं निम्मं उत्तर इथे आहे.

सत्तेत आल्यावर त्यांनी दोन गोष्टींना हात घातला. पहिली शाळा. खेड्यापाड्यात सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. ज्यांच्या घरात कुणी पाटी धरली नव्हती अशी पोरं घराजवळच्या शाळेत जायला लागली. दुसरी जमीन. १९६४ मध्ये कूळकायदा आला, कुळाला संरक्षण मिळालं, खंडावर मर्यादा आली. कुळाला जमिनीची मालकी मात्र या कायद्याने मिळाली नव्हती. ते काम पुढे राहिलं.

आणि तिसरी गोष्ट अर्थातच विलीनीकरण. १९६५ मध्ये गोवा विधानसभेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला. महाराष्ट्र विधिमंडळानेही त्याच अर्थाचा ठराव केला. शेजारच्या म्हैसूर राज्याने, म्हणजे आजच्या कर्नाटकाने, याला विरोध केला.

मगोचं म्हणणं सरळ होतं. आम्ही विलीनीकरणाच्या मुद्द्यावर निवडून आलो, हाच जनतेचा कौल, आता उशीर कशाला? सिक्वेरांचं म्हणणं वेगळं होतं. आमदार निवडताना लोक दहा गोष्टी बघतात. एखाद्या प्रदेशाचं अस्तित्व कायमचं संपवायचं तर ते विधानसभेतल्या चार-पाच जागांच्या फरकावर ठरू नये, थेट लोकांना विचारा. सिक्वेरा दिल्लीच्या चकरा मारत राहिले. काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकरही दिल्लीत विलीनीकरणाच्या विरोधात वजन टाकत होते. नेहरूंनी गोवा दहा वर्षं वेगळा राहील असा शब्द दिला होता, पण १९६४ मध्ये नेहरू गेले आणि १९६६ च्या सुरुवातीला शास्त्रीही गेले. निर्णय इंदिरा गांधींच्या काळात झाला. डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. तेव्हा केंद्रात गृहमंत्री होते यशवंतराव चव्हाण, म्हणजे महाराष्ट्राचा माणूस.

इथे विरोधकांनी आणखी एक अट घातली. मुख्यमंत्री बांदोडकर असताना कौल झाला तर सरकारी यंत्रणा त्यांच्या बाजूने राबणार, म्हणून सरकारने आधी बाजूला व्हावं. ही भीती अगदीच हवेतली नव्हती. महाराष्ट्रातून डेप्युटेशनवर आलेल्या अधिकाऱ्यांवरून तेव्हा गोव्यात बरीच धुसफूस होती.

हातात बहुमत होतं, मुदत बाकी होती. भाऊसाहेब नाही म्हणू शकले असते. ३ डिसेंबर १९६६ ला त्यांनी सरकारचा राजीनामा दिला आणि गोव्यात राष्ट्रपती राजवट लागली. यात तत्त्व किती आणि आपणच जिंकणार हा आत्मविश्वास किती, हे वेगळं करणं अवघड आहे. बहुधा दोन्ही होतं. पण सत्ता हातात ठेवून कौल घेण्याची संधी त्यांनी सोडली, ही गोष्ट त्यांचे विरोधकही नाकारत नाहीत.

मग सुरू झाला गोव्याच्या इतिहासातला सगळ्यात तापलेला महिना. मतपत्रिकेवर दोन चिन्हं होती. विलीनीकरण हवं असेल तर फूल, वेगळं राहायचं असेल तर दोन पानं. महाराष्ट्रातले नेते प्रचाराला उतरले. गावागावात सभा, घराघरात भांडणं. एकाच घरात बाप फुलाचा आणि मुलगा दोन पानांचा असे प्रकार झाले.

यातली खरी गंमत वर्तमानपत्रांत होती. विलीनीकरणाच्या बाजूने दैनिक 'गोमन्तक' उभं होतं, ते मराठीत असणं साहजिकच. पण विरोधातला सगळ्यात प्रभावी आवाज ठरला तो 'राष्ट्रमत', आणि तेही मराठीच दैनिक. मराठी वाचणाऱ्या हिंदू माणसाला कोकणीची आणि वेगळ्या गोव्याची बाजू पटवायची तर ती मराठीतच पटवावी लागणार होती. उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर रोज भाऊसाहेबांच्या मुद्द्यांवर तुटून पडायचं. उल्हास बुयांवची कोकणी गाणी गावोगाव पोचली. ज्याला वाचता येत नव्हतं त्याच्यापर्यंत गाणं गेलं.

विरोधकांचे मुद्देही रोजच्या जगण्यातले होते. महाराष्ट्रात दारूबंदी आहे, मग काजूच्या फेणीचं काय होणार? नोकऱ्या बाहेरचे लोक घेऊन जाणार नाहीत ना? मुंबईतल्या मंत्रालयात पेडण्याच्या शेतकऱ्याचं कोण ऐकणार? हा शेवटचा प्रश्न तर भाऊसाहेबांच्या स्वतःच्या मतदारालाही विचार करायला लावणारा होता. कारण तीन वर्षांत त्याला पणजीत जाऊन थेट मुख्यमंत्र्याला भेटायची सवय लागली होती. भाऊसाहेबांनी स्वतःच लावलेली ही सवय त्यांच्या मागणीच्या आड आली असावी, असं म्हणायला जागा आहे.

१६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं. ३ लाख ८८ हजार ४३२ मतदारांपैकी ३ लाख १७ हजार ६३३ जणांनी मत दिलं. म्हणजे जवळपास ८२ टक्के. दोन पानांना १ लाख ७२ हजार १९१ मतं, फुलाला १ लाख ३८ हजार १७०. गोवा वेगळा राहिला.

आकडे नीट बघितले तर कळतं की एकट्या ख्रिस्ती मतांवर हे झालं नव्हतं. हिंदू मतदारांपैकी एका गटाने दोन पानांवर शिक्का मारला होता, आणि त्यात मगोला मत देणारेही काही असणार.

भाऊसाहेबांसाठी हा मोठा धक्का होता. ज्या मुद्द्यावर पक्ष काढला तो मुद्दाच निकालात निघाला. पक्षाच्या नावातल्या महाराष्ट्रवादी या शब्दाचं काय करायचं हाही प्रश्न होता. विरोधकांना वाटलं, मगो आता आवरतंय.

२८ मार्च १९६७ ला विधानसभेची निवडणूक झाली. गोव्यातल्या २८ जागांपैकी मगोला १६, युनायटेड गोवन्सला १२. एप्रिलमध्ये भाऊसाहेबांनी परत शपथ घेतली.

याचं एक कारण तांत्रिक आहे. जनमत कौलात सगळ्या गोव्याची मतं एकत्र मोजली गेली. विधानसभेत प्रत्येक मतदारसंघ वेगळा. युनायटेड गोवन्सची मतं सासष्टीसारख्या ख्रिस्तीबहुल भागात एकगठ्ठा होती, तर मगोची आतल्या तालुक्यांत पसरलेली. पण दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. विलीनीकरणाची भीती संपल्यावर कुळाला आणि मुंडकाराला भाऊसाहेबांना मत द्यायला कसलीच अडचण उरली नाही. गोवाही राहिला आणि आपला माणूसही राहिला. सिक्वेरांनी लढाई जिंकली आणि त्या विजयाने सगळ्यात मोठा अडथळा दूर केला तो भाऊसाहेबांच्याच वाटेतला.

यानंतरचे भाऊसाहेब थोडे वेगळे दिसतात. आता त्यांना गोवा चालवायचा होता, तोही कायमचा वेगळा गोवा. अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं. १९७० मध्ये कला अकादमी स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष भाऊसाहेबच होते. गाण्यानाटकाच्या संस्थेचं अध्यक्षपद या माणसाकडे असणं म्हणजे काय, हे त्यांच्या समाजाचा इतिहास ठाऊक असलेल्यांना वेगळं सांगायला नको. खेळाचं त्यांना वेड होतं. क्रिकेट आवडायचं, फुटबॉलवाल्या गोव्यात त्यांच्या नावाची बांदोडकर ट्रॉफी गाजली. शिकारीचाही शौक होता, जो त्या काळच्या श्रीमंतांना असायचा.

कारभार मात्र एकहाती होता. लोक थेट त्यांच्याकडे यायचे, ते जागेवर निर्णय द्यायचे, कधी खिशातले पैसे काढून द्यायचे असंही सांगितलं जातं. गरजू माणसाला हे देवासारखं वाटायचं. पण मंत्र्यांना आणि आमदारांना आपण नुसते हात वर करायला आहोत असं वाटायला लागलं. कोकणीबद्दल त्यांची भूमिकाही शेवटपर्यंत ताठ राहिली. निम्म्याहून जास्त गोव्याने वेगळेपणाला मत दिल्यावरही सरकारी व्यवस्थेत कोकणीला स्वतंत्र भाषा म्हणून जागा मिळाली नाही. त्याची किंमत पुढच्या पिढीने भाषेच्या आंदोलनात मोजली.

१९७० मध्ये पक्षात बंड झालं. मगोच्या सात आमदारांनी भाऊसाहेबांविरुद्ध झेंडा उभारला. सरकार पडणार अशी स्थिती आली, आणि ते वाचलं कुणामुळे? युनायटेड गोवन्समधल्या काही आमदारांच्या पाठिंब्यामुळे. तीन वर्षांपूर्वी एकमेकांवर तुटून पडलेली माणसं आता एकाच बाजूला बसली होती. पण १९७२ च्या निवडणुकीत बंडखोरांची डाळ शिजली नाही. मगोने १८ जागा जिंकल्या आणि भाऊसाहेब तिसऱ्यांदा निवडणूक जिंकून मुख्यमंत्री झाले.

ही कारकीर्द पूर्ण झाली नाही. १२ ऑगस्ट १९७३ ला हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचं निधन झालं. पद सोडल्यावर किंवा हरल्यावर नाही, मुख्यमंत्री असतानाच. वय होतं ६२. मिरामारच्या किनाऱ्यावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, तिथेच त्यांची समाधी आहे. पणजी फिरायला गेलेले हजारो पर्यटक रोज तिच्या शेजारून वाळूत उतरतात.

त्यांच्या जागी आल्या त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर, ताई. गोव्याच्या आजवरच्या एकमेव महिला मुख्यमंत्री. वडिलांनी अर्धं सोडलेलं जमिनीचं काम त्यांनी पुढे नेलं. त्यांच्याच काळात मुंडकार कायदा झाला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसेल त्याची जमीन हे तत्त्व कायद्यात आलं. १९६३ मध्ये सिंहावर शिक्का मारताना कुळाने जे मनात धरलं होतं, ते कायद्यात उतरायला तेरा वर्षं लागली, आणि तेही महाराष्ट्रात न जाता. त्यानंतर तीनच वर्षांत, १९७९ मध्ये, ताईंचं सरकार पडलं. मगो पुन्हा कधीच स्वतःच्या बळावर गोव्यावर राज्य करू शकला नाही.

१९८७ मध्ये कोकणी राजभाषा झाली, कायद्यात मराठीच्या वापरालाही जागा ठेवली गेली. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा पूर्ण राज्य झालं.

१६ जानेवारीला गोव्यात अस्मिताय दिस साजरा होतो, म्हणजे भाऊसाहेब हरले तो दिवस. आणि पर्वरीला विधानसभेच्या आवारात पुतळा आहे तो भाऊसाहेबांचा. जी विधानसभा त्यांना नको होती, तिच्याच दारात. हा कौल मिळवून देणाऱ्या जॅक सिक्वेरांचा पुतळाही तिथे असावा, ही मागणी वर्षानुवर्षं होत आली आहे आणि प्रत्येक वेळी सभागृहात जुना वाद परत पेटतो.